आठ फुलांची अट

"किती?" घरातून सासूबाईंनी विचारलं.

थविन फाटकाशेजारच्या कुंडीसमोर उकिडवा बसला होता. त्याचं तीनदा मोजून झालं होतं. उपयोग नाही हे कळत असूनही त्याने चौथ्यांदा मोजलं.

"चार."

"सगळ्या गुच्छांत?"

"सगळ्या गुच्छांत."

"एखाद्यात चुकून पाच?"

"पाच कशी असतील आई? ह्या झाडाला पाच येतच नाहीत. दोन, चार, नाहीतर आठ."

"मग माझं मंगळवारचं जमायचं नाही," किमलानबाई म्हणाल्या आणि शांतपणे पेज प्यायला लागल्या.

थविन तसाच बसून राहिला. कुंडीतलं झाड त्याच्याकडे बघत होतं. कमरेएवढं उंच, अंगठ्याएवढ्या जाड खोडांचं, नखशिखान्त काट्यांनी भरलेलं, आणि जरा कुठे खरचटलं की दुधासारखा पांढरा विषारी चीक गाळणारं. असं झाड कोणी शहाणा माणूस घराच्या दाराशी ठेवणार नाही. पण त्या वर्षी थायलंडमधल्या नखोन पाथोमच्या कालव्याकाठच्या त्या गल्लीत पॉयसियनची कुंडी नाही असं एक घर दाखवता आलं नसतं. पॉयसियन म्हणजे आठ सिद्धपुरुष. गुच्छात आठ फुलं आली की आठही सिद्ध घरी उतरले, हात घालाल ते काम फत्ते. चार आली तर सिद्ध अर्धेच आले, आणि अर्ध्या सिद्धांच्या भरवशावर कोणी कशाला हात घालत नसे. शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा तपासणीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या कुंडीत डोकावून मग शाळेत जात.

त्यातून आणखी एक गोष्ट सगळे धरून चालत. फुलं किती येणार हे झाडावर नसून झाडाची निगा राखणाऱ्याच्या पुण्याईवर ठरतं. म्हणजे थविनच्या पुण्याईचा आकडा रोज सकाळी सासूबाई मोठ्यांदा विचारत आणि तो स्वतः मोठ्यांदा सांगत असे. गल्लीला वेगळी चौकशी करायची गरज पडत नव्हती.

किमलानबाईंचा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेला होता. राहिला डावा. त्यात मोतीबिंदू झाला, पिकला, आणि आता बाईंना माणसं आणि खांब ह्यांत फरक कळेनासा झाला होता. गेल्या महिन्यात त्यांनी विजेच्या खांबाला हात जोडून "गुरुजी, बऱ्याच दिवसांनी?" असं विचारलं होतं. पहाटे भिक्षूंना भात वाढताना वाफाळता भात पात्राऐवजी एका भिक्षूच्या पायावर वाढला होता. तो बिचारा मंत्र संपेपर्यंत जागचा हलला नाही. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी त्या कालव्यावरच्या फळीकडे म्हणून निघाल्या त्या, फळीच्या दोन हात डावीकडून. थविनने मागून धावत जाऊन त्यांच्या पोलक्याला धरलं तेव्हा त्यांचा एक पाय पाण्यावरच्या हिरव्या पानांवर पडला होता. त्या दिवसापासून थविनला कचेरीत बसल्या बसल्या तो पाय दिसायचा.

नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून असलेल्या ह्या माणसाने आयुष्यात कधी कोणाकडे काही हट्टाने मागितलं नव्हतं. पण सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी तो इस्पितळात खेटे घालून तारीख मिळवत असे, आणि सासूबाई ती मोडत असत. दोनदा मोडली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मंगळवार ही शेवटची. ही चुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि तोवर त्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरेल असं मला वाटत नाही."

किमलानबाई नाही म्हणत नव्हत्या. त्यांची फक्त एक अट होती. "एकदा आठ येऊ देत. मग माझा डोळा काढून हातात दिलात तरी चालेल. आणि निगा तू राखायचीस, थविन. मला काटे दिसत नाहीत."

मंगळवारला नऊ दिवस होते.

थविनने काय केलं नाही? पर्जन्यवृक्षाची कुजलेली पानं आणि नारळाच्या काथ्याचे तुकडे मिसळून माती बदलली. पाणी जास्त झालं की मुळं कुजतात म्हणून चमच्याने पाणी घातलं. झाडाला ऊन हवं म्हणून सकाळी कुंडी कुंपणाच्या पूर्वेला आणि दुपारी जेवणाच्या सुटीत सायकलवरून घरी येऊन पश्चिमेला नेली. दर वेळी काटे मांडीत घुसत. संध्याकाळी पुन्हा फाटकाशी आणून ठेवायची, कारण सासूबाईंचं म्हणणं, सिद्ध फाटकातूनच आत येतात, मागच्या बाजूने नाही.

आणि झाड ऐकत होतं! हेच तर जिवाला लागत होतं. संध्याकाळी कंदील धरून बघावं तर नव्या गुच्छात मोहरीएवढ्या आठ कळ्या स्पष्ट दिसत. सकाळी उठून बघावं तर चार. खाली मातीवर आणि काट्यांवर पांढरे वाळलेले ठिपके.

"पक्षी असणार," त्याची बायको मालीवन म्हणाली. ती माडाच्या दुधात तांदळाची गोड बोंडं उकळत बसली होती. सकाळी बाजारात ती विकायची असत. "ते पांढरं बघा ना. पक्ष्याचीच घाण."

"एवढ्या काट्यांत पक्षी बसेल कसा?"

"मग कोंबडा. प्रयूनकाकांचा कोंबडा पहाटेपासून गल्लीत हिंडत असतो."

थविनला ते पटलं. निराश माणसाला कोंबडासुद्धा पुरतो. तो तडक शेजारी गेला. प्रयूनकाका रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या अंगणात त्रेचाळीस पॉयसियन होते. मंदिराच्या जत्रेत दोनदा पहिला नंबर आलेला. ते एका कापलेल्या फांदीच्या टोकाला हळद घालून लाल केलेला विड्याचा चुना लावत होते, म्हणजे चीक थांबतो आणि फांदी सडत नाही.

"काका, तुमचा कोंबडा माझ्या कळ्या खातो."

प्रयूनकाकांनी चुन्याचं बोट वर धरलं. "काय खातो?"

"कळ्या. आणि वर घाण करून ठेवतो."

"थविन, हे झाड विषारी आहे. बकरीसुद्धा तोंड लावत नाही. माझ्या कोंबड्याला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

"तुम्ही येऊन ते ठिपके तर बघा."

"मी का येऊ? माझ्या कोंबड्यावर चोरीचा आळ घेणाऱ्याच्या दारात मी पाय ठेवत नसतो."

प्रयूनकाका आले असते तर ते ठिपके कसले हे त्यांनी एका नजरेत सांगितलं असतं. पण ते आले नाहीत. थविनने झाडाभोवती मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला. सकाळी जाळं नीट घडी करून फाटकावर ठेवलेलं होतं आणि फुलं चार.

"जाळं मीच काढलं," किमलानबाई म्हणाल्या. "भिक्षूंना वाढायला उभी राहिले तर पायात आलं. मला पाडायचा विचार आहे का तुझा?"

"नाही हो आई."

"बघ हा. आधीच गरम भाताने बोटं पोळलीयेत माझी." त्यांनी लाल झालेली दोन बोटं फुंकली. थविनला अपराधी वाटलं. त्याने त्यांना कोरफड आणून लावली.

असे आठ दिवस गेले. सोमवारी सकाळी थविन कुंडीसमोर बसला तेव्हा त्याच्यात मोजायचंही त्राण नव्हतं. मोजलं. चार. त्याने आभाळाकडे बघितलं. सिद्धांना काय अवघड होतं? आठजण आहात, एकदा तरी सगळे मिळून या! चौघेचौघे पाळ्या कसल्या लावता?

"किती?" घरातून आवाज आला.

थविनच्या डोळ्यांपुढे तो हिरव्या पानांवरचा पाय आला. "आठ," तो म्हणाला.

घरात पेजेची वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आठ?" किमलानबाई म्हणाल्या. "आठ कशी?"

"कशी म्हणजे? आली. आठ."

"नीट मोज."

"मोजली आई. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. उद्या निघायचं."

"अरे वा," किमलानबाई सावकाश म्हणाल्या. "मग संध्याकाळी उदबत्ती लावताना हात लावून बघते. सिद्ध आले आहेत तर भेटायला नको?"

थविन त्या दिवशी कचेरीत एका माणसाच्या नळाच्या अर्जावर दुसऱ्याच माणसाचा पत्ता लिहून बसला. दुपारी घरी आला तो थेट मालीवनपुढे. "मी मेलो."

"मेला नाहीत. प्रयूनकाकांकडून आठ फुलांचा एक गुच्छ मागून आणा आणि आपल्या झाडावर बांधा. आई बोटांनी चाचपणार, तिला काय कळतंय?"

"काका देतील?"

"कोंबड्याची माफी मागा."

थविनने माफी मागितली. प्रयूनकाकांना ती त्यांच्यासमोर नको होती. कोंबड्यासमोर हवी होती. पाणीखात्यात सव्वीस वर्षं इमानाने काम केलेला माणूस कोंबडा झाकलेल्या टोपलीपुढे वाकून म्हणाला, "माझा गैरसमज झाला." कोंबड्याने मान वळवली. काकांनी दुय्यम प्रतीच्या एका झाडावरून आठ फुलांचा गुच्छ कापून दिला. "चीक गळतोय, सांभाळ. डोळ्याजवळ हात नेऊ नकोस, भाजल्यासारखं होतं."

पाच वाजता किमलानबाई आत रेडिओवरचं नाटक ऐकत होत्या. नाटक अर्ध्या तासाचं. थविनने आपल्या झाडावरचा चार फुलांचा गुच्छ कापला. तिथून चीक गळू लागला. काकांच्या गुच्छाच्या देठातून गळतच होता. दोन्ही देठं जुळवून त्याने दोरा गुंडाळला, दोरा चिकात भिजला, बोटं चिकट झाली. ती त्याने कमरेच्या पंच्याला पुसली. गुच्छ मान टाकत होता, म्हणून त्याने एका काट्याला आणखी एक वेढा दिला. आता तो सरळ उभा राहिला. दिसायला देखणा होता. महिन्याभरात प्रथमच थविनला बरं वाटलं, आणि तेवढ्यात त्याच्या डाव्या पापणीवर डास बसला.

त्याने डास मारला. म्हणजे हात उचलला आणि पापणी चोळली.

क्षणभर काही झालं नाही. मग डोळ्यात कोणी मिरचीची पूड भरल्यासारखी आग उठली. ओरडायची सोय नव्हती. खिडकीच्या आत सासूबाई होत्या. थविनने दात आवळले आणि पंच्याने डोळे पुसले, दोन्ही. पंचा कशाने भिजला आहे हे त्याला उजव्या डोळ्याने लगेच सांगितलं.

"थविन, काय धडपडतंय रे?" आतून आवाज आला.

"काही नाही आई! आठच आहेत!"

तो चाचपडत पावसाच्या पाण्याच्या रांजणाकडे निघाला आणि कुंडीवर बसला. रांजणाची दिशा त्याला तिथे बसल्यावर कळली. पुढचं मालीवनने पाहिलं: नवरा खांद्यापर्यंत रांजणात, पाठीमागे पाटलोणीत सात-आठ काटे, आणि कुंडी आडवी. मग ती ओरडली, कारण तिला ओरडायला कोणाची बंदी नव्हती.

सायकलरिक्षात तिघं बसली. किमलानबाईंना घरी राहा म्हटलं तर त्या ऐकेनात. "जावई आंधळा झाला तर मला कालव्यात पडताना धरणार कोण?" त्या रडक्या आवाजात म्हणाल्या आणि इस्पितळापर्यंत थविनचा दंड त्यांनी सोडला नाही.

इस्पितळात थविनचे डोळे नळीने धुतले, थेंब घातले, पट्ट्या बांधल्या आणि सकाळपर्यंत ठेवून घेतलं. सकाळी, म्हणजे मंगळवारी, डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पट्ट्या काढून डोळे तपासले. डोळे टोमॅटोसारखे लाल होते, पण शाबूत होते.

"नशीबवान आहात. उरलासुरला चीक आहे, पुन्हा धुवून घेऊ. तासा-दीड तासात पाणी गळायचं थांबेल. आठवडाभर थेंब घाला. आणि ह्या आजी कोण? ह्याच ना त्या, दोनदा न आलेल्या?" मग त्यांचा आवाज बदलला. "आजी, हात बघू. बोटांना काय झालंय?"

"भाताचा चटका," किमलानबाई म्हणाल्या आणि हात पाठीमागे नेला.

"दाखवा हो. अंगठा आणि शेजारचं बोट, दोनच? आणि नखांत हे वाळलेलं पांढरं कसलं? आजी, ह्यांच्या डोळ्यात गेलं तेच तुमच्या बोटांना लागलंय. बरेच दिवस लागतंय."

"आई झाडाला हात कशाला लावेल?" मालीवन म्हणाली. "तिला काटे दिसतही नाहीत."

"खुडायला दिसावं कशाला लागतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सवयीची बोटं असली की झालं."

थविन डोळे मिटून पडला होता. भिक्षू यायच्या आधी फाटकाशी एकट्या उभ्या राहणाऱ्या सासूबाई, पांढरे ठिपके, घडी करून ठेवलेलं जाळं. मोजायला त्याला डोळे लागले नाहीत.

"आई?" तो म्हणाला.

"सगळ्या नाही खुडल्या मी," किमलानबाई पुटपुटल्या. "चार ठेवत होते. सगळ्या खुडल्या असत्या तर गल्लीत तुझी काय राहिली असती?"

"आणि काल मी आठ म्हणालो तेव्हा?"

"तेव्हा कळलं, तू थापाही मारतोस."

"मी कोंबड्याची माफी मागितली, आई!" थविन उठून बसला. "कोंबड्याची! मांड्या बघा माझ्या, चाळण झालीय! अख्ख्या गल्लीने मला अर्ध्या पुण्याईचा ठरवला! का? सरळ नको म्हणायचं होतं!"

"सरळ म्हटलं तर तुम्ही ऐकलं असतं?" म्हाताऱ्या बाईंचा आवाज एकाएकी बारीक झाला. "हा एकच उरलाय रे. तुमची तोंडं दिसत नाहीत, पण सकाळ झालेली दिसते. खिडकी कुठे आहे ते दिसतं. सुरी लागली आणि तेवढंही गेलं तर? तुमचे दोन-दोन डोळे आहेत, तुम्हाला काय."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "अकरा वाजता मी तयार असेन. आजींना आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा," आणि निघून गेल्या.

थविनच्या अंगातला राग जसा आला तसा ओसरला, आणि खाली नुसता थकवा उरला. पुन्हा एकदा डोळे धुऊन झाल्यावर तो सासूबाईंना धरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. समोर ऑपरेशनच्या खोलीचं दार होतं. अकराला पाच कमी होते.

"चला आई, घरी जाऊ," तो म्हणाला. "नको ते ऑपरेशन. मी नाही आता काही बोलणार. कचेरीतून सुटी घेईन, कालव्याकडे लाकडाचं कुंपण घालीन. तुमचा डोळा आहे, तुम्ही ठरवा. मला फक्त... तुमचा पाय त्या दिवशी पाण्यावर होता. मला दुसरं काही दिसतच नाही हो."

किमलानबाईंनी त्याच्या आवाजाकडे मान वळवली. मग हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, गाल. गाल ओले चिंब होते. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं.

"अग बाई," त्या म्हणाल्या. "थविन? तू रडतोयस?"

थविनने सांगायला तोंड उघडलं की हे चिकामुळे आलेलं पाणी आहे, काल संध्याकाळपासून गळतंय, तासा-दीड तासात थांबेल.

"बावीस वर्षं झाली लग्नाला," किमलानबाई म्हणाल्या. "तुझा बाप गेला तेव्हाही तू रडला नव्हतास. मी मालीवनला म्हटलं होतं, दगड आहे हा. माझ्यासाठी एवढा रडतोस?"

थविनने उघडलेलं तोंड मिटलं. एकदा आठ म्हणून झालं होतं, त्याने काय साधलं ते त्याच्या पाटलोणीला माहीत होतं. पण समोरचं दार उघडलं होतं आणि परिचारिका किमलानबाईंचं नाव पुकारत होती.

"हो आई," तो म्हणाला.

किमलानबाईंनी नेसलेल्या लुंगीच्या टोकाने त्याचे गाल पुसले, तरी ते लगेच ओले झाले. "पुरे आता, लोक बघतील," त्या म्हणाल्या आणि उठल्या. दाराच्या दोन हात डावीकडे चालू लागल्या, परिचारिकेने त्यांना वळवून आत नेलं.

दार लागलं. मालीवन चहा आणायला गेली. थविन बाकावर एकटाच बसला. बारा वाजले, साडेबारा झाले. दुसरी एक परिचारिका थेंबांची बाटली घेऊन आली, तिने त्याची पापणी वर उचलून नीट निरखून बघितलं.

"लाली बरीच कमी झालीय," ती म्हणाली. "चीक तर केव्हाच धुऊन निघालाय. मग अजून पाणी कशाचं येतंय हो?"

"तुमचं औषध बरोबर नसेल," थविन म्हणाला. "बदलून द्या." आणि त्याने बाही तोंडावरून फिरवून पुन्हा त्या बंद दाराकडे बघायला सुरुवात केली.